लॅपटॉपला चहा लागत नाही

"अहो पूर्णिमा, तुमच्यात आणि या लॅपटॉपमध्ये फरक एवढाच," तनुजाताई म्हणाल्या, "की लॅपटॉपला चहा लागत नाही."

आणि हे त्यांनी कधी म्हणावं, तर पूर्णिमाच्या हातात चहाचा कप देताना. आता तो चहा घशाखाली कसा उतरायचा, तुम्हीच सांगा. पूर्णिमाने घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसली.

बँड तिघींचा. हडपसरमधल्या त्यांच्या सोसायटीत तो सुरू झाला तो तनुजाताईंच्या घरातच. त्या मूळच्या सदाशिव पेठेतल्या. लग्न होऊन हडपसरला आल्या त्याला जमाना झाला, पण पेठ काही त्या माहेरी ठेवून आल्या नव्हत्या. गाणी त्या लिहायच्या, चाली त्याच लावायच्या, कीबोर्डही त्याच वाजवायच्या. गायला स्पृहा. ती लहानपणापासून नाट्यगीतांच्या स्पर्धा गाजवत आलेली. आणि ड्रम्सवर पूर्णिमा. ती अगदीच नवी, उन्हाळ्यात सुरुवात केलेली. सोसायटीच्या बागेतली दिवाळी पहाट या वर्षी त्यांच्या बँडला मिळाली होती, आणि तनुजाताईंनी सगळ्या गाण्यांचे ड्रम्स लॅपटॉपवर तयार करून ठेवले होते.

"तुम्ही चुकत नाही हो," त्या म्हणाल्या. "तक्रार ती नाहीच. पण पहिल्या ओळीला जे वाजतं तेच शेवटच्या ओळीला वाजतं. मग हा काय वाईट आहे? दसऱ्यानंतरच्या रविवारी तालीम घेऊ. एकदा तुमच्याबरोबर, एकदा याच्याबरोबर. जे बरं वाटेल ते पहाटेला."

पूर्णिमा घरी आली ती धुमसतच. चप्पल एकीकडे, पर्स एकीकडे. सासूबाई सोजरबाई गॅलरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय म्हनली पेठवाली?"

पूर्णिमाने सांगितलं. वाटलं, म्हातारी आपली बाजू घेईल. कसलं काय!

"खोटं न्हाई म्हनली," सोजरबाई म्हणाल्या. "म्या आयकते की रोज. उशीवर बडवीत असतीस त्ये. विहिरीवरची मोटार चालू हाय असं वाटतंय. आवाज हाय, पर पानी कुठं हाय?"

घरचीच माणसं अशी असल्यावर बाहेरच्यांना काय बोलायचं! पूर्णिमा आत जाऊन पलंगावर पडली आणि पोटभर रडली. टोमण्याचं नव्हतं ते रडू.

कॉलेजात असल्यापासून पूर्णिमा ढोलपथकात होती. लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी सांभाळली, पण भाद्रपद आला की ढोल कमरेला बांधून ती रांगेत उभी राहणारच. मग त्या कमरेनेच दगा दिला. मणका सरकला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "ढोल विसरा." असं सांगितलं जसं काही भेंडी खाऊ नका म्हणावं. या गणपतीत पथक रस्त्यावरून जाताना ती फुटपाथवर उभी होती. ओळखीचा ठोका जवळ यायला लागला तसं तिला तिथे थांबवेना. कोणी हाक मारू नये म्हणून ती एका चपलांच्या दुकानात शिरली आणि नको असलेली सँडल पायात घालून बघत बसली. बसून वाजवता येईल, कमरेला काही बांधावं लागणार नाही, असं एकच वाद्य तिला सापडलं होतं ते हे. ही जागा गेली की वाजवणं कायमचं गेलं. पलंगावर उठून बसत तिने डोळे पुसले आणि ठरवलं, नाही म्हणजे नाही. एका लॅपटॉपपायी हे सोडायचं नाही.

चौकशी करत करत तिला पत्ता मिळाला तो खडकीचा. हिराताई ओव्हाळ. तरुणपणी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायच्या, एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांना तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता घरीच शिकवतात, पण मोजक्यांनाच, आणि बोलायला तिखट आहेत, असंही सांगणाऱ्याने सांगितलं. हडपसरहून खडकी म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं. शनिवारी दुपारी पूर्णिमा स्कूटरवरून उन्हाने लाल होऊन तिथे पोचली.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यासमोर निम्मी खोली अडवून बसलेला ड्रमसेट. मोठ्या ड्रमच्या पोटात गोधडी कोंबलेली. हिराताई जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या.

"वाजव," त्या म्हणाल्या. बसा नाही, पाणी नाही.

पूर्णिमाने वाजवलं. उजव्या पायाने मोठा ड्रम, डाव्या हाताने समोरचा कडक आवाजाचा स्नेअर, उजव्या हाताने हायहॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या त्या दोन झांजा. धम् चक, धम् धम् चक. काटेकोर. हिराताईंनी कोथिंबिरीची जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "पथकातली ना तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मान बघ की तुझी. दर चार ठोक्यांना उजवीकडे जातीय. शेजारचा काय वाजवतोय बघायला. इथं शेजारी कोण आहे? माझा फ्रीज."

पूर्णिमा ओशाळली. खरंच होतं. रांगेत शेजाऱ्याच्या टिपरूवर, म्हणजे ढोलाच्या काडीवर, डोळा ठेवूनच वाजवायचं असतं. शेकडो ढोल, पण ठोका एकच पडला पाहिजे. पहिल्याच वर्षी तिने हौसेने एक जास्तीचा टोल टाकला होता, तर पथकप्रमुखाने भर सरावात तिला ढोल सोडायला लावून बाजूला उभं केलं होतं. त्यानंतर तिने आयुष्यात जास्तीचा टोल टाकला नाही. सगळ्यांसारखं, सगळ्यांएवढंच जोरात, सगळ्यांबरोबर. पथकात त्याला शिस्त म्हणतात, आणि त्याबद्दल तिचं नावही होतं.

"शिस्त चांगलीच गं," हिराताई म्हणाल्या. "पण तिकडं तू शेकड्यातली एक होतीस. इथं एकटी आहेस. सगळे ठोके एकाच ताकदीचे मारून कसं चालेल? आता ऐक. आत आमचे हे झोपलेत."

त्यांचे हे म्हणजे सीतारामकाका. दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून करून त्यांना दिवसा झोपायची सवय लागली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"ते जागे झाले की त्यांना चहा लागतो. तो तू करायचास. मी करणार नाही."

हीच शिकवणी. ताल तोच, पण मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागेत डाव्या हाताने काडी स्नेअरवर नुसती सोडायची, मारायची नाही. बारीक बारीक ठोके. असले तर लक्षात येऊ नयेत, पण काढले तर गाणं उघडं पडावं, असे. हायहॅटही एकाच जागी ठोकायचं नाही. कडेवर, मध्यावर, पायाने झांजा जराशा उघडून, पुन्हा मिटून. पूर्णिमाच्या हाताला हळू वाजवणं ठाऊकच नव्हतं. काडी सोडायला जावी तर फाडकन आवाज यायचा, आणि आतून सीतारामकाकांचा खोकला. त्या दुपारी तिने इतका चहा केला की हिराताईंनी दूध आणायला तिलाच पाठवलं.

"तुम्ही नवीन का?" प्रत्येक कपाला काका विचारायचे. "चहा बरा करता."

पण पूर्णिमा हटली नाही. घरी उशीवर, ऑफिसच्या कॅबमध्ये मांडीवर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर. सोजरबाई म्हणाल्या, "येड लागलंय पोरीला," आणि नातीला आपल्या खोलीत अभ्यासाला बसवायला लागल्या, म्हणजे सुनेला हॉल मोकळा. बोलण्यात त्यांनी कधी गोडवा ठेवला नाही, पण हे त्या रोज करत होत्या.

नवरात्रात एका दुपारी तिचं वाजवून झालं आणि हिराताईंनी बोट ओठांवर ठेवलं. आतून मंद घोरणं ऐकू येत होतं. संपूर्ण गाणं झालं होतं आणि काका जागे झाले नव्हते. पूर्णिमाला इतका आनंद झाला की तिने तोंडावर हात दाबून धरला.

"आता फिल," हिराताई म्हणाल्या.

फिल म्हणजे दोन ओळींच्या मधली मोकळी जागा भरून काढणारा तुकडा. पूर्णिमाने मोबाइलवर बघून बघून कितीतरी पाठ केले होते. तिने एक वाजवला. पाढे म्हणावेत तसा वाजला, आणि संपताना सम हुकली. पुढच्या ओळीचा पहिला ठोका निघून गेल्यावर तिचा पाय पडला. दुसरा वाजवला, तीच गत. फिल जवळ आला की तिची मान उजवीकडे जायची.

"थांब. काड्या खाली ठेव. आधी तोंडाने म्हण."

"तोंडाने?"

"जे तोंडाने म्हणता येत नाही ते हातात येत नाही. म्हण."

पूर्णिमाचं तोंड उघडेना. पस्तिशीची बाई, कंपनीत लोकांचे पगार बघते, आणि परक्या घरात बसून ताडताड म्हणायचं! हिराताईंनी कपाळाला हात लावला.

"बरं, पथकात तुमच्या पुढं ताशा कोण वाजवायचं?"

"मच्छिंद्रदादा."

"तो काय वाजवायचा? तुमचा ढोल थांबलेला असताना?"

आणि पूर्णिमाच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. "तर्रर्र तड् तड्, तर्रर्र तडाड् तड्..." आणि त्याच्या शेवटी तिचा उजवा पाय जमिनीवर आपटला. धम्! नेमका. इतकी वर्षं तिच्या कानापासून हातभर अंतरावर मच्छिंद्रदादाने ताशाच्या तर्रीवर तर्री, म्हणजे असेच कडकडाटी तुकडे, उडवल्या होत्या, आणि प्रत्येक तर्रीनंतर कुठे उतरायचं हे तिच्या ढोलाला झोपेतही ठाऊक होतं. ढोल तिच्या कमरेला होता, पण ताशा कानात साठत राहिला होता. तिला फक्त वाटत होतं की तो आपला नव्हे, मच्छिंद्रदादाचा आहे.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," हिराताई म्हणाल्या. "हडपसरहून इथवर पेट्रोल जाळत आलीस याच्यासाठी! आता घे काड्या."

तिने घेतल्या. तर्री स्नेअरवर उठली, बाजूच्या ड्रम्सवरून उतरली आणि पाय समेवर पडला. आतून खोकला आला. "चहा," दोघी एकदमच म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, जिंकली पोरगी. अहो, अजून हत्ती जायचा होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तालीम झाली. आधी लॅपटॉपबरोबर, मग पूर्णिमाबरोबर. आणि पूर्णिमाने काय करावं? इतक्या दिवसांत हाताला जे जे आलं होतं ते सगळं तिने पहिल्याच गाण्यात ओतलं. ओळ संपली की तर्री, ओळ अर्धी असताना तर्री, स्पृहाने श्वास घेतला की तर्री. लॅपटॉपपेक्षा वेगळं दाखवायचं होतं ना! गाणं संपलं तेव्हा ती घामाने भिजली होती आणि चेहरा उजळला होता.

तनुजाताईंनी चष्मा काढून पुसला. "छान. मधे मधे स्पृहा गात होती, लक्षात आलं का तुमच्या?"

स्पृहा बिचारी नखं बघत बसली.

"लॅपटॉपच ठेवू," तनुजाताई म्हणाल्या.

एरवी ती उठून गेली असती. पण चपलांचं दुकान तिला आठवलं, आणि ती स्टुलावरून हललीच नाही.

"ताई, चुकलं माझं. जास्त झालं. पण एक गाणं द्या मला. एकच."

तनुजाताईंनी गाण्यांची यादी पुढे ओढली. "शेवटचं घ्या. तोवर लोक फराळाला उठायला लागलेले असतात."

हिराताईंना तिने फोनवर सगळं सांगितलं. समजूत काढतील ही आशा फोल ठरली. "मिसळीवर शेव घालतात, बाई," त्या म्हणाल्या. "शेवेवर मिसळ नाही. गाणाऱ्याचा श्वास ऐक. तो संपतो तिथं तुझी जागा. तिथंही दर वेळी बोललंच पाहिजे असं नाही. आणि एकच नको, सगळी गाणी बसव."

"पण ताई, मला एकच..."

"मी काय म्हणाले?"

पूर्णिमाने सगळी बसवली. आता ती काड्यांपेक्षा स्पृहाची रेकॉर्डिंगच जास्त ऐकायची. कुठे ती श्वास घेते, कुठल्या शब्दावर रेंगाळते, कुठे घाईने पुढे जाते. ज्या जागी तालमीत तिने तर्री कोंबल्या होत्या, त्यातल्या बहुतेक जागा तिने मोकळ्या सोडल्या. ते वाजवण्यापेक्षा जड गेलं.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. अंगाला उटण्याचा वास, नव्या साड्यांची सळसळ, हवेत गारवा. सोजरबाई पहिल्या रांगेत, शाल घट्ट लपेटून. तिसऱ्या रांगेत हिराताई, आणि त्यांच्या शेजारी कानटोपी घातलेले सीतारामकाका, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आतच झोपलेले. स्टेजवर पूर्णिमा ड्रम्समागे हात मांडीवर ठेवून बसली होती आणि लॅपटॉप तिच्या वाटणीचं वाजवत होता. काही काही पोरांनी तर मोबाइलवर तिचा तसाच, हात न हलवणारा व्हिडिओ काढला. तिचे कान तापले. पण ती स्पृहाचा श्वास ऐकत बसून राहिली.

तिसरं गाणं चांगलं रंगलं. स्पृहाने अंतऱ्याची शेवटची ओळ अशी काही घेतली की मागच्या रांगेतून एक आजोबा काठी आपटून ओरडले, "वन्स मोअर!"

आता पुण्याच्या श्रोत्यांची ही सवय जुनी. ओळ आवडली की गाणं संपायची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे मागून घ्यायची. आणि नाट्यगीतांत वाढलेल्या गळ्याची सवयही तितकीच जुनी. वन्स मोअर कानावर आला की मागे वळायचंच. स्पृहाने क्षणाचाही विचार केला नाही. ती अंतऱ्याच्या ओळीवर परतली.

लॅपटॉप परतला नाही. त्याला कोण सांगणार? तो ठरल्याप्रमाणे ध्रुवपदाचा ठेका घेऊन पुढे निघून गेला. स्पृहा एकीकडे, ठेका दुसरीकडे, कीबोर्ड मधे लोंबकळतोय. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तनुजाताईंनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, आणि तो एकदम गप्प झाला. सगळ्या बागेत स्पृहाचा एकटीचा आवाज उरला, तोही कापायला लागलेला.

पूर्णिमाची मान सवयीने उजवीकडे गेली. उजवीकडे कोणी नव्हतं. आकाशकंदील होता, वाऱ्यावर हलणारा.

तिने मान सरळ केली आणि डाव्या हाताची काडी स्नेअरवर सोडली. नुसती सोडली. बारीक बारीक ठोके, काकांची झोप न मोडणारे. त्यांच्याखाली पाय, हलका. हायहॅटच्या झांजा जराशा उघडल्या, मिटल्या. स्पृहाच्या आवाजाला पायाखाली जमीन मिळाली. तिने ओळ पुन्हा घेतली, या वेळी सावकाश, एका शब्दाशी खेळत, लांबवत. पूर्णिमा तिच्या श्वासाबरोबर थांबली. ओळ संपली. जागा आली. पूर्णिमाने ती मोकळी सोडली. "वाहवा!" आजोबा म्हणाले. स्पृहा हसली आणि तीच ओळ आणखी एकदा घेतली, आणि शेवटी तिचा श्वास जिथे संपला तिथे पूर्णिमाने तोंडातल्या तोंडात म्हटलं, तर्रर्र तडाड् तड्, आणि तिच्या हातांनी ते म्हटलं. मच्छिंद्रदादाची तर्री स्नेअरवर उठली, ड्रम्सवरून गडगडत खाली आली, आणि धम्! पाय, कीबोर्ड आणि ध्रुवपदाचा पहिला शब्द, सगळे एकाच ठिकाणी उतरले.

बागेत टाळ्यांचा पाऊस पडला. सीतारामकाका दचकून जागे झाले आणि इकडेतिकडे चहा शोधू लागले. हिराताईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही, त्या पदराने डोळे टिपत होत्या. पुढून सोजरबाईंचा आवाज आला, शेजारणीला सांगतानाचा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "माझी सून हाय ती. आलं बगा पानी!"

गाणं संपल्यावर तनुजाताईंनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. पूर्णिमाकडे न बघताच पुढच्या गाण्याचे सूर धरले आणि मानेने तिला इशारा केला. उरलेली सगळी गाणी तिनेच वाजवली. शेवटच्या गाण्याला फराळासाठी कोणीही उठलं नाही.

कार्यक्रम संपला, उजाडलं. पूर्णिमा अजून स्टुलावरच होती. तनुजाताई थर्मास घेऊन आल्या. दोन कप भरले, एक तिच्यापुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "तुला लागतो ना."